दोन सेकंदांची खडखड

"अहो, गाडी खोकतेय," ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. मी गाडीतच बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. ३४ वर्षं रोलिंग मिलच्या पोटात काढलेल्या माणसाच्या कानांवर फार विसंबू नये. दुसऱ्या दिवशी किल्ली तिच्या हातात दिली, बॉनेट उघडलं, कान इंजिनाजवळ नेला आणि म्हटलं, "लाव."

पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे टाकून कुणी हलवावेत तसा आवाज. दीड-दोन सेकंद. मग इंजिन नेहमीसारखं गुळगुळीत. बंद करून लगेच पुन्हा लावलं, आवाज नाही. दुपारी बाजारातून आल्यावर लावलं, तेव्हाही नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीलाच तो यायचा, आणि तोही सकाळी पहिल्यांदा लावताना.

डिसेंबरचे दिवस होते. दुर्गात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्याची भरपाई म्हणून की काय, डिसेंबरात पहाटे तो दहा-बारापर्यंत उतरतो. शेजारचे म्हणाले, "ठंड है भाईसाब, इंजन को भी लगती है." पण आमची डिझायर पाच हिवाळे पाहिलेली. आधीच्या पाचांत ती कधी खोकली नव्हती. बदललं होतं ते एवढंच की तीन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या एका गॅरेजात तिचं तेल आणि तेलाचा फिल्टर बदलून घेतला होता. दरवेळी हे काम मी स्वतः करतो. त्या खेपेला कंबर धरली होती म्हणून दिली.

मी तेलाचाच माणूस. भिलाई स्टील प्लांटमध्ये वर रूळ बनतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. देशातली रेल्वे भिलाईच्या रुळांवर धावते हे इथलं शाळकरी पोरही छाती काढून सांगतं. तो लालभडक रूळ रोलरांमधून सळसळत जाताना बघायला पाहुणे येत, त्यांना हेल्मेट घालून वरच्या पुलावरून फिरवून आणत. त्यांच्या पायांखाली, जमिनीच्या खाली, ऑइल सेलर असतं. तिथं आम्ही. खोलीएवढ्या टाक्या, पंप, कूलर, बोटभर जाडीपासून मांडीएवढ्या जाडीपर्यंतचे पाइप, आणि सगळ्या मिलचं वंगण तिथून वर चढून पुन्हा तिथंच परतणार. पाहुणा तिथं कधी आला नाही. आला असता तर बूट घसरून पडला असता.

आमचे बाबा भंडाऱ्याहून इकडं आले ते या प्लांटसाठी सोव्हिएत रशियाशी करार झाल्यानंतर वर्षभरात. करार २ फेब्रुवारी १९५५ चा. तेव्हा भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे बाबांच्या लेखी ते परमुलखात आलेच नव्हते. शेजारच्या जिल्ह्यात नोकरी लागली होती, इतकंच. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ तिकडं गेला, दुर्ग इकडं राहिला. मग १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं. घर न बदलता माणसाची राजधानी दोनदा बदलली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, त्या गर्दीत बाबा होते. दिसलं काहीच नाही, पुढं उंच सरदारजी उभे होते, असं ते शेवटपर्यंत सांगत.

मी १९८४ साली लागलो तेव्हा आमच्या सेक्शनला रशियनांबरोबर काम केलेले दोन-तीन जुने फिटर अजून होते. जुन्या यंत्रांवर रशियन अक्षरांच्या पाट्या होत्या आणि त्यांतला एक शब्द या मंडळींना पक्का पाठ होता : मास्लो. तेल. रशियनमध्ये लोण्यालाही मास्लोच म्हणतात. एक फिटर मामा रोज डबा उघडताना "आज मास्लो नाही दिलं बायकोनं" म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे.

त्या मामांनी मला पहिली जी गोष्ट शिकवली ती फिल्टरची. सेलरमध्ये फिल्टर जोडीनं असतात. दोन भांडी शेजारी-शेजारी आणि मधे एक दांडा. तेल एका भांड्यातून जातं, दुसरं स्वच्छ करून तयार ठेवलेलं असतं. फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांत फरक किती ते दाखवायला काटा. फिल्टर चोंदत गेला की तेलाला आरपार जायला जोर लागतो, फरक वाढतो, काटा चढतो. खुणेवर आला की दांडा फिरवायचा, तेल दुसऱ्या भांड्यातून सुरू, मिलला पत्ताही लागत नाही. मग पहिलं उघडून आतली जाळी रॉकेलमध्ये धुवायची. लॉगबुकात वेळ लिहायची. एवढंच काम, पण पाळीत काट्याकडे तीनदा बघितलं नाही तर मामा बोलायचे नाहीत, नुसते काट्यासमोर नेऊन उभं करायचे.

घरच्या गाडीत ही चैन नाही. फिल्टर एकच, भांड्याएवढाही नाही, मुठीएवढा. काटा नाही, दांडा नाही. तो गच्च चोंदला तर? मग तेल अडेल, आणि तेल अडलं की बेअरिंगं मिनिटभरात जळतील. म्हणून बनवणाऱ्यानं एक पळवाट ठेवलेली असते, बायपास व्हॉल्व्ह. बऱ्याच गाड्यांत तो फिल्टरच्या डब्यातच असतो, काहींत इंजिनाच्या ब्लॉकमध्ये. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे साधारण एक बारचा फरक पडला की स्प्रिंग दबते आणि तेल कागदातून न जाता सरळ पुढं जातं. गाळ, चुरा, जे असेल ते घेऊन. घाण तेल एकवेळ चालेल, कोरडं बेअरिंग चालणार नाही, हा तो हिशेब. हिशेब बरोबरच आहे. थंडीत पहाटे तेल दाट असतं तेव्हा तर ही पळवाट थोडा वेळ उघडत असणारच.

माझं दुखणं वेगळं आहे. पळवाट उघडली हे गाडी चालवणाऱ्याला कोणीच सांगत नाही. समोरचा तो झारीच्या चित्राचा लाल दिवा तेलाचा दाब जवळजवळ गेला की लागतो. फिल्टर चोंदून पळवाट उघडली तरी दाब असतोच, म्हणून दिवा गप्प. फिल्टर काम करायचं सोडून बाजूला उभा राहिलाय आणि गाडी हजारो किलोमीटर मजेत पळतेय, असं सहज होऊ शकतं. ज्या गोष्टीला काटा नाही तिच्यावर लक्ष कसं ठेवायचं, हे मामांनी शिकवलं नव्हतं.

तर खडखडीचं कारण. फिल्टरच्या तोंडाशी आतून एक रबरी चकती असते. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं तेल मागं चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती भोकं झाकून धरते. (गाडीच्या तळाशी तेल साठतं त्या भागाला पुस्तकात संप म्हणतात; दुर्ग-भिलाईत संप म्हणजे कामगारांचा, गाडीला असतो तो चेंबर.) चकती नीट बसली नाही की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, मग तेल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचतं. तेवढ्या दोन सेकंदांत वरचं लोखंड लोखंडावर कोरडं वाजतं. मला संशय आला तो या चकतीचा. खोकला इंजिनाला नव्हता, फिल्टरला होता.

आता इथं माझ्या घरात एक जुनी म्हण आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. "रिंग काढली का?" ही ती म्हण. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, १९८८ ची गोष्ट. सासऱ्यांची अॅम्बेसेडर होती, नागपूरला महाल भागात त्यांच्या वाड्याच्या बोळात जेमतेम शिरायची. जावई स्टील प्लांटात तेलाचं काम बघतो म्हटल्यावर त्यांनी फिल्टर बदलायचं काम मोठ्या कौतुकानं माझ्याकडे दिलं. अॅम्बेसेडरचा तो फिल्टर आजच्यासारखा आख्खा डबा फिरवून काढायचा नव्हता. लोखंडी भांडं, त्यातून आरपार गेलेला लांब बोल्ट, आत कागदी फिल्टर, त्याखाली स्प्रिंग आणि वायसर, आणि भांड्याचं तोंड जिथं टेकतं तिथं वरच्या खाचेत एक रबरी रिंग. नव्या फिल्टरबरोबर नवी रिंग मिळते. जुनी खाचेत इतकी चिकटून काळी झालेली असते की ती रिंग आहे हेच दिसत नाही. टाचणीनं उकरून काढावी लागते. मी उकरली नाही. नवी वर बसवली, बोल्ट आवळला, हात धुतले. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या होत्या, "जावईबापू, होते ना हे तुमच्यानं?" मी म्हटलं, "यात काय आहे!"

दुसऱ्या दिवशी सगळे रामटेकला निघालो. कामठी ओलांडली आणि एक स्कूटरवाला शेजारी येऊन ओरडला, "अहो काका, तेल गळून राहिलं ना गाडीचं!" मागं बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ, थेट नागपूरच्या दिशेनं. एकावर एक दोन रिंगा कधीच धरत नाहीत. दाब आला की वरची सटकते. त्या दिवशी रामाचं दर्शन झालं ते ट्रकमध्ये बसून. सासरे मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण पुढची वीस वर्षं कुठलंही काम मी केलं, मग ते कुकरचं का असेना, ते शांतपणे विचारायचे, "रिंग काढली का?"

असो. कंबर बरी झाली होती. रविवारी सकाळी सुपेल्याला निघालो. पद्मनाभपूरहून जी. ई. रोडनं, नेहरू नगर ओलांडून. रविवारी सुपेल्यात आठवड्याचा बाजार भरतो, त्यामुळे गाडी लांब लावून चालत गेलो. स्पेअर पार्टचं दुकान म्हणजे छतापर्यंत खोकी आणि काउंटरमागं एक पोरगा, त्याला अख्खं दुकान तोंडपाठ. गाडीचं नाव सांगताच त्यानं तीन फिल्टर समोर मांडले. "कंपनी का, ये बाहर का अच्छा वाला, और ये चलने वाला." म्हणजे जो फक्त 'चालतो' तो सर्वांत स्वस्त. महागाचं आणि स्वस्ताचं अंतर शंभर रुपयांच्या आत.

मला याची गंमत वाटते. माणसं दीड-दोन हजारांचं सिंथेटिक तेल डोळे झाकून घेतात आणि फिल्टरपाशी येऊन पन्नास रुपये वाचवतात. शालू बनारसी आणि पायात रबरी चप्पल. एका फिल्टरवर दोनदा तेल काढायचं, असंही काही जण करतात. नवं तेल ओतलं की जुन्या फिल्टरमध्ये राहिलेलं पेलाभर काळं तेल त्यात मिसळतं. आंघोळ करून कालचाच बनियन घालण्यातला प्रकार.

तीनही फिल्टर मी हातात घेऊन उलटे केले. तोंडाकडं मधे मोठं आट्यांचं भोक आणि भोवती लहान भोकांचं कडं. लहान भोकांतून ती चकती दिसते. खिशातल्या पेन्सिलीच्या टोकानं हलकेच दाबली. एकाची मऊ, दाबून सोडली की परत यायची. नारिंगी होती, म्हणजे सिलिकॉनची, हे रबर उष्णतेत जास्त टिकतं. दुसऱ्याची काळी पण लवचीक. तिसऱ्याची, त्या चालणाऱ्याची, दाबली तर पेन्सिलच मागं सरकली. पोरगा माझ्याकडं बघत होता. बहुतेक गिऱ्हाईक खोक्यावरची किंमत बघतं. पेन्सिल घेऊन भोकात बघणारा म्हातारा त्याला नवा असावा.

मग आटे. चालणारा फिल्टर पोरगा पुन्हा पुढं करत म्हणाला, "ये सब में लग जाता है, अंकल." ही 'सब में' फार वाईट गोष्ट. लहान गाड्यांच्या फिल्टरांत आटे दोन तऱ्हेचे खूप भेटतात. एक २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे. दुसरे पाऊण इंची, इंचात १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचात १६ म्हणजे पिच जवळपास १.५९. अंतर इतकं थोडं की २० चा फिल्टर पाऊण इंची खुंटीवर चढतो. दोन-तीन फेरे छान फिरतो. आवळला असं वाटतंही. पण आटे एकमेकांच्या खांद्यावर नुसते टेकलेले असतात, आत बसलेले नसतात. गाडी तापली, दाब चढला, की सटकायला एक खड्डा पुरे. हाताला हे कळतं. बरोबर आटा शेवटपर्यंत सरळ जातो. चुकीचा डगमगतो, त्यात खेळ असतो. पण खुंटी गाडीखाली आणि आपण दुकानात, तेव्हा हात कुठं लावणार? म्हणून मी आटे मोजायची पट्टी खिशात ठेवतो. जुनी सवय. पट्टीचे दात फिल्टरच्या आट्यांत बसवून उजेडाकडं धरले. कंपनीचा आणि 'अच्छा वाला' दोन्ही बरोबर. चालणारा मी मोजलाच नाही.

'अच्छा वाल्या'च्या खोक्यावर प्युरोलेटर हे नाव होतं. या नावाची एक गोष्ट आहे. सुरुवातीच्या मोटारींना तेलाचा फिल्टर असा नसेच. जाळी असली तर असली, आणि तेल पाचसातशे मैलांवर ओतून टाकायचं. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यानं मोटारीसाठी फिल्टर काढला आणि 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे नंतरही शुद्ध तेल, या शब्दांतून त्याचं नाव जुळवलं. सगळं तेल तेव्हा त्यातून जायचंच नाही. थोडं बाजूनं काढून गाळून परत सोडायचे. सगळंच्या सगळं तेल गाळणारे फिल्टर नंतरचे. आपल्याकडं मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि आख्खा डबा फिरवून काढायचा, फेकायचा, नवा लावायचा, ही रीत घराघरांत पोचली. भांडं, बोल्ट, टाचणी, सगळं सुटलं. मला विचाराल तर थोडं वाईट वाटतं. भांडं उघडलं की आत काय साचलंय ते दिसायचं. आता सीलबंद डबा, आत काय असेल ते कंपनी जाणे आणि देव जाणे.

खोक्याचंही खरं नसतं. दुकानाचे मालक, पिकल्या दाढीचे, आत हिशेब करत होते; माझी पेन्सिल बघून बाहेर आले. म्हणाले, "आप डब्बा फाड़ के जाइए. खाली डब्बा भी बिकता है आजकल." रिकाम्या खोक्यांत कुणीतरी भलतंच भरून विकतं. मी कंपनीचे दोन घेतले आणि दोन्ही खोकी तिथंच फाडली. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

"दोन कशाला?" घरी आल्यावर ही.

"एक लावायला, एक कापायला."

"नवा फिल्टर कापायला आणलात?"

मी तिला समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

लेक पुण्याहून आलेली होती. ती संगणकात काम करते, तिथं स्कूटरही चालवत नाही. पण आल्यापासून बागेत खुर्ची टाकून कंटाळली होती. "बाबा, मी करते, तुम्ही सांगा," म्हणाली. जुनी सलवार घालून आली. गाडी पाच मिनिटं चालवून तेल कोमट केलं. गार तेल गाळासकट तळाशीच बसून राहतं, फार तापलेलं हात भाजतं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅक चढवला आणि दोन्ही बाजूंना घोड्या ठेवल्या. जॅकवर उभ्या गाडीखाली मी कुणाला जाऊ देत नाही, स्वतःही जात नाही. प्लांटात जॅकवर भरवसा ठेवलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्यात, त्या इथं नकोत.

ड्रेनचा नट सुटला की शेवटचा फेरा बोटांनी, आत दाबून धरत काढायचा आणि हात झटकन बाजूला. तिचा हात झटकन झाला नाही. कोपरापर्यंत तेल. तीन आठवड्यांचं तेल अजून मधासारखं होतं. ती म्हणाली, "हे तर चांगलंय, काळं कुठंय?" मी म्हटलं, काळं होणं म्हणजे वाईट होणं नव्हे. इंजिनातली काजळी इतकी बारीक असते की कुठल्याच फिल्टरला सापडत नाही. ती तेलात तरंगत ठेवायची हे तेलाचंच काम. फिल्टर पकडतो ते वीस-तीस मायक्रॉनच्या पुढचं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. जे डोळ्याला जेमतेम दिसतं आणि त्याहूनही थोडं बारीक, तेवढाच त्याचा घास.

मग फिल्टर. गॅरेजवाल्यानं तो पान्यानं आवळला होता. हातानं हलेना, पॉलिश पेपर गुंडाळून हलेना. असल्या वेळी मिस्त्री लोक डब्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात. मला आतला ऐवज शाबूत हवा होता, म्हणून पट्ट्याचा पाना लावला. कुरकुरत सुटला. तेल पुन्हा कोपरावर.

ती गाडीखाली पडून होती. बॅटरीचा उजेड वर धरला, जिथं फिल्टर टेकतो त्या जागेवर बोट गोल फिरवलं, मग दुसऱ्यांदा फिरवलं, आणि म्हणाली, "रिंग काढली का? हो, काढली. जुन्या डब्यालाच आहे." आजोबा गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यांचा सूरही तिनं बरोबर लावला होता.

नव्या फिल्टरमध्ये अर्धा कप तेल ओतून, रिंगला बोटानं तेल चोळून, तिनं तो चढवला. रिंग टेकेपर्यंत फिरव, टेकली की थांब, आणि मग पाऊण फेरा. नुसत्या हातानं. ती म्हणाली, "घट्ट नाही वाटत." पान्याची सवय असणाऱ्यांना हे घट्ट कधीच वाटत नाही. प्लांटात मी दीडशे किलोची माणसं दोन मीटरचा पाइप पान्याला लावून लोंबकळताना पाहिलीत. तिथं ते बरोबर होतं. इथं रबर फाटतं. ड्रेनच्या नटाला नवी वायसर, वरून तेल, मग गाडी चालू. लाल झारी तीन सेकंद राहिली आणि विझली. खाली उजेड टाकून दोघांनी बघितलं, थेंब नाही. बंद करून पाच मिनिटं थांबून डिपस्टिक.

खरा सोहळा दुपारी. मागच्या ओट्यावर पेपर अंथरला आणि दोन डबे घेऊन बसलो. हॅकसॉनं कापलं तर काम लवकर होतं, पण करवतीचाच चुरा आत पडतो आणि मग लोखंडाचा कण इंजिनाचा की करवतीचा, कोण सांगणार? म्हणून कानशीनं दुमडलेली कड गोल घासत जायचं, पत्रा पातळ झाला की बाहेरून सगळं पुसून मग बूड उचकटायचं. तासभर लागला एकेकाला.

कंपनीच्या नव्या डब्यात कागदाच्या घड्या एकसारख्या, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोपणात पक्क्या चिकटवलेल्या. तळाशी पळवाटेचा व्हॉल्व्ह, बोटानं दाबला तर स्प्रिंग सुळकन दबली आणि परत आली. चकती ओठासारखी मऊ.

गाडीतून काढलेल्या डब्यावर रंग तोच, नाव तेच, नंबर तोच. आत घड्या मोजल्या तर निम्म्याहून थोड्याच जास्त, एका जागी दोन घड्यांच्या मधे फट, करंगळीचं नख जाईल एवढी. डिंक टोपणाच्या एका बाजूला साचलेला, दुसरीकडं कोरडं. चकती तळलेल्या पापडासारखी, कडेला लाट आलेली. ती काय भोकं झाकणार! आणि पळवाटेच्या जागी व्हॉल्व्हच्या आकाराचं दाबलेलं पत्र्याचं टोपण. स्प्रिंग नाही, हलणारं काही नाही. बाहेरून कुणी बघितलं तर व्हॉल्व्ह आहे असं वाटावं म्हणून आकार मात्र दिलेला. मी ते टोपण बराच वेळ हातात धरून बसलो. डब्याच्या आत, जिथं कुणी कधी बघणार नाही, तिथं व्हॉल्व्हचं सोंग कशाला केलं असेल? साधी चपटी तबकडी स्वस्त पडली असती. की तो साचा करणाऱ्यानं खरा फिल्टर उघडून बघितला, आकार घेतला आणि तो हलतो कशासाठी हे त्याला कुणी सांगितलंच नाही?

संध्याकाळी तो डबा पिशवीत घालून गॅरेजात गेलो. भांडायला नव्हे, पण भांडलो असतो. मिस्त्रीनं घड्यांचे कागद उजेडात फिरवले, पापडी चकती वाकवली, ती तुटली. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हम तो डब्बा देख के लगाते हैं साहब. मेरी खुद की गाड़ी में यही है." त्याच्या तोंडाकडं बघून खोटं वाटलं नाही. त्यानं ज्याच्याकडून घेतले त्यानंही डबा बघूनच घेतले असतील. पैसे परत देऊ लागला, मी घेतले नाहीत, चहा घेतला. निघताना तो आपल्या मोटारीखाली शिरत होता.

सोमवारी सकाळी गाडी लावली. कान बॉनेटशी नेला नाही. मला ऐकू आलं नसतंच. ही खिडकीत उभी होती. काही बोलली नाही, कुकरची शिट्टी झाली तशी आत वळली.

जळक्या तेलाचा एक कॅन ओट्याखाली साठला होता. नियमानं ते नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडं जायला हवं, पण चार-पाच लिटरसाठी तो कुणाच्या दारात येत नाही, आणि गटारात ओतायचं आमच्या हातून होत नाही. बांधकामावरचे सेंट्रिंगवाले प्लेटांना चोळायला ते नेतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. पलीकडच्या गल्लीत स्लॅब पडायचा होता. दहाच्या सुमारास तिथला पोरगा सायकलवरून आला. "कका, जले ऑइल हावय का?" कॅन कॅरिअरला बांधता बांधता त्याची नजर ओट्यावरच्या दोन कापलेल्या डब्यांवर गेली. एकाची कड मी जास्त घासली होती, वाकडी झाली होती. दुसऱ्याची, त्या खोट्याची, सरळ आली होती. त्यानं तो सरळ कडेचा उचलला, आत फुंकर मारली आणि विचारलं, "ए डब्बा ला घलो ले जाँव का?"

खिळे ठेवायला हवा होता त्याला.